लिनक्समध्ये /बिन आणि /यूएसआर/बिन या दोन फोल्डरांत त्याच फाईली दिसतात, एक उडवू का?

नका हो, थांबा! रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम असलेला भाग) भरलंय म्हणून डुप्लिकेट शोधताय ते कळलं, पण या दोन कॉप्या नाहीतच. फाईलींची यादी दाखवणारी एलएस -एल /बिन ही कमांड चालवून बघा, पुढे बाण दिसेल यूएसआर/बिन कडे. म्हणजे /बिन ही नुसती सिमलिंक, दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट आहे, ती उडवून जागा काहीच मिळणार नाही, आणि खरा फोल्डर उडवलात तर एलएस सुद्धा चालायचं नाही.

हे दोन मुळात वेगळे झाले ते जागेच्याच अडचणीपायी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या कॉम्प्युटरवर युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती सिस्टीम, लिहित होते, डिस्क अगदीच छोट्या, सिस्टीम पहिलीत मावेना म्हणून उरलेलं दुसऱ्या डिस्कवर, /यूएसआर मध्ये गेलं. पुढे डिस्क मोठ्या झाल्या तरी विभागणी लिनक्समध्येही तशीच चालू राहिली, फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०१२ मध्ये १७ व्या व्हर्जनला ती मोडली, डेबियन या दुसऱ्या प्रकारात १२ व्या व्हर्जनपासून दोन्ही एकत्र ठेवण्याची सक्तीच झाली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकाच प्रोग्रामच्या फाईली दहा ठिकाणी का. कारण इथे वाटणी प्रोग्रामप्रमाणे नाहीच, फाईल कोण बदलतं आणि कधी बदलतं यावर आहे, आणि मला ही व्यवस्था मनापासून आवडते. /यूएसआर पॅकेज मॅनेजरचं (प्रोग्राम इन्स्टॉल करणारं साधन), तिथे हाताने काही करायचं नाही, स्वतः सोर्स कोडवरून कंपाईल केलेलं /यूएसआर/लोकल मध्ये. /ईटीसी मध्ये सेटिंग्ज, बहुतेक साध्या टेक्स्ट फाईली, याचा बॅकअप घ्याच. आणि सिस्टीम चालू असताना जे वाढत जातं, लॉग, कॅशे, डेटाबेस, ते सगळं /वार मध्ये.

तेव्हा आधी तिथेच कुठला फोल्डर किती जागा खातोय ते बघा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने): सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /वार. कॅशे फुगली असेल तर सुडो एपीटी क्लीन (डेबियन, उबुंटूवर), जर्नल म्हणजे सिस्टीमचा लॉग फुगला असेल तर सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साईझ=२००एम. /वार/लिब मात्र कितीही मोठं दिसलं तरी हाताने डिलीट करू नका, कुठलं पॅकेज इन्स्टॉल आहे याची नोंदच तिथे असते.

आणि /प्रॉक मधली १२८ टीबीची केकोअर फाईल बघून घाबरू नका, ती डिस्कवर नसतेच, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ती मागितल्यावर तिथल्या तिथे दाखवतो.