निकाल लागलाय, ताबा बाकी आहे

“स्वर्गात आणि पृथ्वीवर सगळा अधिकार ख्रिस्ताला दिलेला आहे, हे खरं ना ताई? मग माझा मुलगा त्या अधिकाराबाहेर कसा राहतो?”

मन मोकळं करायला माझ्याकडे येणाऱ्यांकडून हा प्रश्न वारंवार येतो. कधी मुलाच्या जागी नवरा असतो, कधी वेगळी निघालेली सून, कधी दारू. विचारणारं माणूस शास्त्रार्थ करायला आलेलं नसतं, ते घाबरलेलं असतं. आणि या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच एक प्रश्न असतो. तो बाहेर यायला वेळ लागतो.

ज्यांची हकीकत सांगते त्यांनी ती लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नगरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून इथे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते.

पहिल्या दिवशी बाईंनी पिशवीतून बायबल काढलं आणि मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला. अठराव्या वचनाखाली, म्हणजे सगळ्या अधिकाराच्या त्याच वाक्याखाली, लाल पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली. त्याच पिशवीत तेलाची छोटी बाटली होती, झाकणाला दोरा गुंडाळलेली.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. स्पर्धा परीक्षेचे चार प्रयत्न झालेले. वडील गेल्यापासून त्याने उपासनेला येणं सोडलं. संध्याकाळची कुटुंब प्रार्थना सुरू झाली की खोलीचं दार लावून घ्यायचा. रात्रभर जागा, दुपारी बाराला उठणार. एका प्रार्थना गटात बाईंना कुणीतरी सांगितलं, “तुम्हाला ख्रिस्ताचा अधिकार मिळालाय. तो वापरा. मागत बसू नका, हुकूम करा.” तेव्हापासून बाई रोज रात्री, तो झोपला असं वाटलं की त्याच्या उशाशी उभ्या राहायच्या. उशीला तेल लावायच्या आणि हळू आवाजात हुकूम सोडायच्या: याला सोड, याच्यातून नीघ. अकरा महिने हे चाललं.

एका रात्री तो जागा होता. डोळे न उघडता म्हणाला, “आई, तू माझ्याशी बोलतेस की माझ्यातल्या कुणाशी?”

दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

बाईंनी ते वाक्य सांगितलं आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. इतक्या जवळ उभं राहून आपल्या लेकराशी अकरा महिने न बोलणं किती जड गेलं असेल, दोघांनाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढे मुलगा मला एकदा स्वतंत्र भेटला. जे बोलला ते त्याचं आणि माझं. त्याच्या संमतीने एवढंच सांगते की त्याला नैराश्य होतं, आणि ते उपचार करण्यासारखं होतं. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर म्हणून टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. रात्ररात्र झोप नाही, जेवणावर मन नाही, कशातच रस नाही, अशा मुलाला आधी डॉक्टर दाखवायचा असतो. यात विश्वासाला कमीपणा येत नाही. तापाला औषध देताना आपण कुठे कमीपणा मानतो?

बाईंचा आतला प्रश्न तिसऱ्या भेटीत बाहेर आला. त्या दिवशी त्यांनी बायबल उघडलंच नाही.

“एप्रिल २०२१. ह्यांच्या बोटाला ते ऑक्सिमीटर लावलेलं होतं. चौऱ्याऐंशी दाखवत होतं. खाट मिळत नव्हती. मी ह्यांचा हात धरून येशूच्या नावाने हुकूम केला, आकडा वर ये. मोठ्याने केला. मुलगा दारात उभा होता. एकदा शहाऐंशी झालं, मी ओरडले, हालेलूया. मग ऐंशी. मग…” बाईंनी स्वतःच्या तर्जनीचं टोक दाबून धरलं होतं, यंत्र अजून तिथेच असल्यासारखं. “ताई, दोनातलं एक खरं असणार. एक तर त्याला अधिकार नाही, नाही तर मला विश्वास नाही. पहिलं म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून तीन वर्षं मी दुसरं म्हणतेय.”

मुलाला पहिलं म्हणायची हिंमत झाली होती, एवढाच दोघांत फरक. एकाच रात्रीचं ओझं एकाच घरात दोन खोल्यांत वागवलं जात होतं.

अशा वेळी वचनं पुढे करायची मला घाई नसते. मी बाईंना फक्त विचारलं, “दर रविवारी उपासनेत श्रद्धेची कबुली देणारा विश्वासांगीकार म्हणता ना? त्यातली ख्रिस्ताबद्दलची क्रियापदं सांगाल?” बाई शिक्षिका. बोटं मोजत म्हणू लागल्या: जन्मला, दुःख भोगलं, वधस्तंभावर खिळला गेला, मेला, पुरला गेला, उठला, चढला. इथवर सगळा भूतकाळ. मग थांबल्या. “बसला आहे.” आणि थोड्या वेळाने, “येणार आहे.”

“मधलं क्रियापद कोणत्या काळातलं, बाई?”

“पूर्ण वर्तमानकाळ,” त्या लगेच म्हणाल्या. “क्रिया पुरी झालेली, पण आजची स्थिती सांगणारी.” मग बराच वेळ गप्प राहिल्या. तीस वर्षं मुलांना हा काळ शिकवला आणि रविवारी तोंडाने म्हणतानाही तो कधी ऐकला नव्हता, असं पुढे एकदा म्हणाल्या.

ख्रिस्ती श्रद्धा इथे फार ठाम आहे. ख्रिस्त पुढे कधीतरी राजा होणार आहे, असं नवा करार म्हणत नाही. तो आज देवाच्या उजवीकडे बसलेला आहे, असं म्हणतो. एकशे दहाव्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘मी तुझ्या शत्रूंना तुझं पादासन करीपर्यंत माझ्या उजवीकडे बस’, नव्या करारात पुन्हा पुन्हा आली आहे. जुन्या करारातलं दुसरं कुठलंही वचन तिथे इतक्या वेळा आलेलं नाही. पण त्या ओळीतलं ‘करीपर्यंत’ आपण गिळून टाकतो. बसलेला आहे, आणि शत्रू अजून शिल्लक आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तेच लिहितो: सर्व शत्रू पायाखाली येईपर्यंत त्याला राज्य करायचं आहे, आणि नाहीसा व्हायचा शेवटचा शत्रू म्हणजे मृत्यू.

शेवटचा. बाईंना मी तो शब्द पुन्हा वाचायला लावला. त्या रात्री घरात जो आला होता त्याचा नंबर पौलाने स्वतःच सगळ्यात शेवटी लावून ठेवला आहे. तो अजून येतो-जातो, याचा अर्थ सिंहासन रिकामं आहे असा होत नाही. आणि तो आला म्हणजे उशाशी बसलेल्या बायकोचा विश्वास कमी पडला, असा तर मुळीच होत नाही. त्या काळात किती जणांनी असाच हात धरून ठेवला होता. त्या प्रत्येकावर जर आपण ‘विश्वास कमी पडला’ असा शिक्का मारला, तर ते फार मोठं पाप होईल. हे मी मनापासून लिहिते आहे. असा शिक्का मारणाऱ्या शिकवणीचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य मला अशा घरांसाठी फार मोलाचं वाटतं. सगळं त्याच्या अधीन केलेलं आहे, असं म्हणून लेखक लगेच कबूल करतो की ते सगळं त्याच्या अधीन झालेलं आपल्याला अजून दिसत नाही. अजून दिसत नाही, हे शास्त्रातच लिहिलेलं आहे. बाईंना जे दिसत नव्हतं ते म्हणण्याची त्यांना मुभा होती.

हे ऐकून बाई एकदम म्हणाल्या, “म्हणजे आमच्या राहुरीच्या जमिनीसारखं.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. माहेरची सव्वा एकर जमीन, भावकीने दाबलेली. कोर्टाचा निकाल भावाच्या बाजूने लागला. फेरफार होऊन सातबाऱ्यावर भावाचं नाव चढलं. पण रानात अजून चुलतभावाचाच ऊस उभा आहे. “ताब्यासाठी कोर्टात दरखास्त चालू आहे ताई. निकाल लागलाय, ताबा बाकी आहे. बांधावर उभं राहिलं तर जमीन त्याची वाटते. पण तलाठ्याकडे जाऊन उतारा काढा, नाव भावाचंच निघतं.”

मी इतकी वर्षं हे समजावत आलेय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

तरी या उपमेला मी तिथेच थोडी मुरड घातली. दरखास्तीच्या शेवटी बेलिफ येतो आणि माणसाला बाहेर काढतो. ख्रिस्त आपला ताबा तसा घेत नाही. येशूच्या एका दाखल्यात गव्हातलं निदण, म्हणजे तण, आत्ताच उपटू का, असं चाकर विचारतात, तेव्हा धनी नको म्हणतो, त्याबरोबर गहूही उपटला जाईल. शेत त्याचंच आहे, आणि तरी तो थांबतो. बाईंच्या मुलावर ख्रिस्ताचा अधिकार मुलाने मान्य केल्यावर सुरू होणार नाही, तो आजही आहे. मुलगा दार लावून बसला होता तेव्हाही होता, मित्राच्या खोलीवर आहे तेव्हाही आहे. तो अधिकार चालू राहण्यासाठी बाईंनी रात्री दीड वाजता उशाशी उभं राहायची गरज नव्हती.

“मग या वचनाचा उपयोग काय, हुकूमच करायचा नसेल तर?” बाईंनी विचारलं. सरळ प्रश्न होता.

मी त्यांना बार्मेनची गोष्ट सांगितली. हिटलर सत्तेवर आल्यानंतर तिथल्या राजवटीला मंडळ्याही, म्हणजे चर्चही, आपल्या हुकमाखाली हव्या होत्या. तेव्हा मे १९३४मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे काही प्रोटेस्टंट मंडळ्यांचे लोक जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. आपल्या जीवनाचा असा एकही भाग नाही जिथे आपण येशू ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या कुणा प्रभूचे आहोत, अशा आशयाचं त्यात आहे. त्यांनी ख्रिस्ताच्या अधिकाराचा आधार घेऊन कुणाला हुकूम सोडला नाही. माणसाचा मालक व्हायला निघालेल्याला त्यांनी सांगितलं, इथे मालक आधीच आहे. ख्रिस्ताचा अधिकार सर्वांवर आहे म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा अधिकार सर्वांवर आहे, असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याने ते वचन अर्धंच वाचलं.

“तुमचा मुलगा परीक्षेच्या मालकीचा नाही,” मी म्हणाले. “त्याच्या दुःखाच्याही नाही. आणि बाई, तुमच्याही नाही.”

शेवटचं वाक्य त्यांना लागलं. लागणारच होतं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत, आणि मी घाई केली का, या विचाराने तो आठवडा मला जड गेला.

त्यानंतर आल्या तेव्हा मी योहानाचा तेरावा अध्याय काढला. पित्याने सगळं काही आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला ठाऊक होतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आणि हे ठाऊक असून त्याने पुढे काय केलं? भोजनावरून उठला, कंबरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. विश्वासघात करणारा यहूदाही तेव्हा तिथेच होता. सगळा अधिकार हातात असलेले हात कसे दिसतात, हे शास्त्राने एकदा इतक्या जवळून दाखवलं आहे.

बाई घरी गेल्या आणि मुलाच्या उशीचा अभ्रा काढला. अकरा महिन्यांचं तेल मुरून तो पिवळा, चिकट झाला होता. त्या वासामुळे तो शेवटी शेवटी उशीच घेत नव्हता, हे त्यांना तेव्हा आठवलं. गरम पाण्यात सोडा टाकून त्यांनी तो तीनदा धुतला. डाग पूर्ण गेला नाही. मग नवा अभ्रा शिवला आणि मुलाला फोन करून एवढंच सांगितलं, “रात्री तुझ्याशीच बोलायला हवं होतं मी. चुकले.”

त्याने फोन ठेवून दिला. तीन आठवड्यांनी घरी आला. कपडे न्यायला आला होता, राहिला.

आम्हा नगरकरांना अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९००मध्ये झाला. त्या वर्षांत ताटातूट झाली, दोघांनीही फार सोसलं. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी. ज्याला प्रभू मानलं तो पाच वर्षं थांबायला तयार होता, हे बाईंनी वहीत लिहून घेतलं.

बाई आजही रोज प्रार्थना करतात. आता मुलाच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात, आणि हुकूम न करता मागतात. मुलगा औषधं घेतो, एका दुकानाचे हिशेब लिहायला जातो. उपासनेला येत नाही. जेवताना बाई आशीर्वाद मागतात तेव्हा हात थांबवून बसतो. पूर्वी तो तेवढ्यात घास घ्यायचा.

तीन वर्षं वडिलांच्या कबरीवर दगड बसला नव्हता, कारण त्यावर काय कोरायचं यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. बाईंना लाल रेघेचं वचन हवं होतं, मुलाला कुठलंच वचन नको होतं. यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी दोघं मिळून कबरस्तानात चुना लावायला गेले आणि परत येताना दगडवाल्याकडे थांबले. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, एवढं लिहून दिलं. मुलाने दगडवाल्याला सांगितलं, “खाली चार ओळींची जागा सोडा.”

बाईंनी तिथूनच मला फोन केला. “काय लिहायचं ते तो बोलला नाही ताई, आणि मीही विचारलं नाही. पण त्याने स्वतः वीत लावून जागा मोजून दिली.”