आतड्यातले चांगले जंतू गव्हातलं बुरशीचं विष पचवतात का? रोज ताक प्यायलं तर भिजलेल्या गव्हाची काळजी सोडावी का?

सोडू नका. उलट, रोपाने कुलूप लावून ठेवलेलं विष आतड्यातले जंतूच मोकळं करतात. हे ताकाचं वाक्य मी माझ्याच घरात जेवताना इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

मी बडोद्यात धान्य तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. एका मार्चमध्ये मावठं झालं आणि धाकटे दीर ओळखीच्या शेतकऱ्याकडून दहा मण गहू निम्म्या भावात घेऊन आले. सुपात घेतला तर दाणा हलका, सुरकुतलेला, मधूनच खडूसारखा पांढरा, काहींवर गुलाबी झाक. सासूबाईंनी वास घेतला आणि सूप बाजूला सारलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्याच लॅबमध्ये टाका ना." टाकला. रिपोर्ट आला: डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे गव्हातलं हे बुरशीचं विष, मर्यादेत. दिवेल म्हणजे एरंडेल लावून गहू कोठीत भरला आणि वर्षभर त्याच्या पोळ्या झाल्या. पुढे मला झाकलेल्या विषाबद्दल कळलं, तेव्हा भाऊजींचं उत्तर तयार होतं: "रिपोर्ट तुमचाच. राहिलंसाहिलं पोटातले जंतू बघून घेतात. ताक प्या."

फ्युझेरियम बुरशी ओंबीत शिरली की गव्हाचं रोप स्वतःला वाचवायला त्या विषाला ग्लुकोजचा एक रेणू जोडतं. रोपाचं काम भागतं. पण आमची तपासणी फक्त मोकळं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल मोजायची, ग्लुकोज जोडलेलं तिला दिसायचंच नाही. हे झाकलेलं विष मोकळ्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहून जास्तही असतं. तव्यावरच्या आचेने ते जात नाही, जठरातल्या आम्लाने तुटत नाही. मोठ्या आतड्यात मात्र जंतूंना साखर हवी असते. ती त्यांनी ओढून घेतली की विष पुन्हा मोकळं. २०११ साली वेगवेगळ्या जंतूंवर हे प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा कुलूप तोडणाऱ्यांत काही लॅक्टोबॅसिलसही निघाले. म्हणजे दह्यातल्याच कुळातले. भाऊजींच्या ताकाला माझं उत्तर हे आहे.

आता त्या "मर्यादेत" शब्दाचं. आपल्याकडे गव्हाला किलोमागे १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये मोकळं आणि झाकलेलं मिळून रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ मायक्रोग्रॅम एवढंच चालेल असं धरलं. ६० किलोच्या माणसाला ६० मायक्रोग्रॅम. गहू अगदी मर्यादेवर असेल तर हे ६० ग्रॅम कणकेत पुरं होतं, म्हणजे दोनेक पोळ्या. माझी मुलगी तेव्हा १८ किलोची होती. तिच्या वाट्याला एक पोळीही येत नाही.

काही जणांच्या आतड्यातले जंतू या विषाच्या रेणूतला इपॉक्साइड नावाचा घातक बंध मोडून ते खूप सौम्य करतात, हेही खरं. गाईम्हशींच्या पोटात हे चांगलं होतं. माणसांत सगळ्यांच्या नाही, आणि आपल्या पोटात ते होतंय का हे ताक पिऊन ठरत नाही. माणसांबद्दलचं यातलं बरंचसं काम शौचाच्या नमुन्यांवर लॅबमध्येच झालंय, हे मात्र लक्षात ठेवा. तपासणीची काही झटपट किट झाकलेलं विषही थोडंफार पकडतात. आणि आपल्या उष्ण भागात मक्यातलं, शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे दुसरं बुरशीचं विष याहून घातक आहे: १९७४ मध्ये बडोद्याशेजारच्या पंचमहालात आणि पलीकडे राजस्थानातल्या बांसवाड्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. पावसात भिजलेल्या गव्हाचं उदाहरण हवं असेल तर काश्मीर खोरं, १९८७: तिथे असा बुरशी लागलेला गहू खाऊन लोक आजारी पडले.

तुम्ही गहू पाखडा, हलका आणि सुरकुतलेला दाणा काढून टाका. धुतल्याने थोडं उतरतं, सगळं नाही. वास येत असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आमच्या त्या गव्हात झाकलेलं विष किती होतं हे कधीच कळणार नाही, कारण ते कुणी मोजलंच नाही. सासूबाईंनी ते अख्खं वर्ष बाजरीची भाकरी खाल्ली. घरात सगळे त्यांना हट्टी म्हणत होते आणि मी गप्प होते, कारण त्या रिपोर्टवर सही माझी होती.