रिसर्चला 'संशोधन' म्हणायचं की 'शोध'?

एका ताईंचा प्रश्न आलाय. शिक्षण, वैद्यक, इंजिनिअरिंग आणि पर्यावरण अशा चार विषयांतल्या पेपर्सचा एकत्र मराठी अंक त्या काढतायत, आणि त्यांच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं असं की 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, तेव्हा अंकाच्या नावात 'शोध' नाहीतर 'अनुसंधान' घाला. शिवाय पर्यावरणातल्या रेस्टोरेशनला, म्हणजे बिघडलेलं जंगल, नदी किंवा जमीन पुन्हा पूर्वीसारखी करण्याला, काय म्हणायचं हेही त्यांनी विचारलंय.

ताई, नावात 'संशोधन'च ठेवा, अजिबात बदलू नका.

सहकारी म्हणतात तो अर्थ खोटा नाही, पण तो हिंदीतला आहे. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणतात त्याला आपण घटनादुरुस्ती म्हणतो, आणि कायद्याच्या अधिकृत मराठीत तर 'सुधारणा' हा शब्द ठरलेला आहे, १९७६ चा तो अधिनियम मराठीत 'बेचाळिसावी सुधारणा' असाच आहे. हल्ली बातम्यांत 'संशोधन विधेयक' ऐकून ऐकून आपल्यालाच वाटायला लागलंय की आपला शब्द चुकीचा. तो चुकीचा नाहीये. गुजराती आणि कन्नडमध्येही रिसर्चला संशोधनच म्हणतात, तेलुगूत परिशोधन, आणि बंगालीत गवेषणा, जो मुळात गाई शोधण्यावरून आलेला शब्द आहे, किती सुंदर ना!

आता गंमत बघा, 'शोध' आणि 'संशोधन' दोन्ही एकाच शुध् धातूचे, म्हणजे मुळात शुद्ध करणं. आयुर्वेदात संशोधन म्हणजे वमन-विरेचन (उलटी-जुलाब) वगैरे करून दोष बाहेर काढणं, आणि दोष बाहेर न काढता आतल्या आत शांत करायचे तर ते संशमन. निर्णयसागर छापखान्याची जुनी संस्कृत पुस्तकं हातात घेतली तर मुखपृष्ठावर पंडितांच्या नावापुढे 'संशोधितम्' छापलेलं दिसतं, म्हणजे पोथ्या ताडून, चुका काढून पाठ शुद्ध केला असं. मला वाटतं रिसर्चचा अर्थ इथूनच सरकत आला असावा, कारण पोथी शुद्ध करायची म्हणजे दहा ठिकाणच्या प्रती शोधा, त्या ओळीला ओळ लावून ताडा, कुठला पाठ मूळचा आणि कुठला मागून घुसलाय ते पुराव्याने ठरवा, आणि हे रिसर्च नाही तर काय आहे? १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेव्हा 'संशोधक' हा शब्द थेट नावात होता, १९१७ ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर झालं आणि तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं चालली. (हा 'चिकित्सक' पण बघा, डॉक्टरही तोच आणि बारकाईने तपासणाराही तोच.)

शुद्ध करण्याच्या कामाला मराठीत पुढे 'शुद्धीकरण' हा वेगळा शब्द रुळला, जलशुद्धीकरण, तेलशुद्धीकरण, हिंदीत तिथे अजून 'शोधन' चालतं. त्यामुळे आपल्याकडे 'संशोधन' मोकळा झाला आणि पूर्णवेळ रिसर्चच्या कामाला लागला.

मग 'शोध' का नको? कारण मराठीत शोध आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हिंदीत या दोन शब्दांत असा फरक नाही, आपल्याकडे आहे, तो घालवू नये असं मला मनापासून वाटतं. क्रियापदं लावून बघा. शोध *लागतो*, शोध *लावतात*, शोध *घेतात*. संशोधन *करावं* लागतं. 'संशोधन लागलं' असं कुणी म्हणत नाही. शोध एका दुपारी लागू शकतो, संशोधनाला वर्षं जातात आणि एवढं करून शोध लागेलच असं नाही, तरी ते संशोधनच असतं.

पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. १९२८ साली फ्लेमिंगला दिसलं की बशीत बुरशी पडलीय आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेलेत, हा शोध. पण त्या बुरशीच्या रसातून औषध वेगळं काढणं काही जमेना, आणि दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते काम हातात घेतलं, बुरशी वाढवायची, रस गाळायचा, आम्ल-अल्कली बदलत बदलत त्यातून औषध ओढून काढायचं. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते टोचलं, तो सुधारायला लागला, आणि औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन परत वेगळं काढून, शुद्ध करून त्यालाच देत होते. तरी साठा संपला आणि तो वाचला नाही. हे सगळं संशोधन, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, रिसर्चही आणि शुद्ध करणंही. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन तिघांना मिळालं.

शिक्षणात तर याहून छान शब्द आहे, 'कृतिसंशोधन'. बीएड-डीएड केलेल्यांना लगेच आठवेल. वर्गातली मुलं ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहितात, म्हणजे हातचा न घेता मोठ्या आकड्यातून छोटा वजा करून मोकळी होतात, हे शिक्षकाच्या लक्षात येतं, मग तो पूर्वचाचणी घेतो, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवत काही दिवस शिकवतो, उत्तरचाचणी घेतो आणि फरक मांडतो. स्वतःच्याच वर्गातली चूक स्वतः शोधायची आणि दुरुस्त करायची, म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांची ती 'दुरुस्ती' इथे सापडते बघा, फक्त विधेयकातली नाही.

'अनुसंधान' वाईट शब्द नाही, पण मराठी कानाला तो देवाच्या चिंतनाचा लागतो, नामाचं अनुसंधान वगैरे. केंद्र सरकारच्या संस्थांची हिंदी नावं तशीच उचलली जातात म्हणून तो बोर्डावर दिसतो, नागपूरची नीरी 'राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी अनुसंधान संस्थान', आणि नाशिकची राज्य सरकारची मेरी मात्र 'महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था'. काम दोन्हीकडे रिसर्चचंच.

एक सवलत आहे. 'शोधनिबंध' आणि 'शोधप्रबंध' हे समास पक्के बसलेत, त्यांना हात लावू नका, संशोधननिबंध म्हणायला जीभ अडखळते. 'शोधार्थी' मात्र टाळा, आपला 'संशोधक विद्यार्थी' चांगला आहे. आणि अंकात 'गृहीतक' आणि 'परिकल्पना' यांची सरमिसळ होऊ देऊ नका, जे धरून चालायचं ते गृहीतक आणि जे तपासून बघायचं ती परिकल्पना, शिक्षणवाले हा फरक पाळतात, बाकीच्या तीन विभागांच्या लेखकांनाही तो पाळायला सांगा.

आता रेस्टोरेशन. इथे तीन शब्द एकमेकांत अडकतात. 'पुनर्वसन' पहिलं बाद, तो आपल्याकडे माणसांचा झालाय, 'खाणीचं पुनर्वसन' वाचलं की वाचणाऱ्याला वाटणार गाव उठलं. 'पुनर्स्थापना' सरकारी कागदांत चालतो आणि चालेलही (संस्कृत संधीने तो पुनःस्थापना होतो, पण मग पुनर्रचनाही पुनारचना करावी लागेल, म्हणून मी तो आग्रह सोडलाय). पण स्थापना म्हटलं की कुणीतरी आणून बसवलं असं चित्र येतं, आणि या क्षेत्रातली माणसं नेमकं उलट सांगतात, की बिघडलेलं जंगल किंवा पाणथळ जागा स्वतःच सावरत असते, आपण अडथळे काढायचे, माती धरून ठेवायची, तिथलंच बी पोचवायचं आणि सावरायला मदत करायची. त्यामुळे नदी, कांदळवन, गवताळ रान, जे जे जिवंत आहे त्याला मी 'पुनरुज्जीवन' लिहीन. खाणीचा खड्डा बुजवून नुसती जमीन सपाट केली असेल तर तिथे पुनरुज्जीवन लिहू नका, 'जमीन पूर्ववत केली' एवढंच लिहा, आणि तेही खरंच पूर्ववत झाली असेल तरच.