सरकारी योजनांचे पैसे घेणारे लोक खरंच आळशी होतात, की नेते आणि माध्यमं त्यांना तसं रंगवतात?

तुम्ही 'लाडकी बहीण'चं नाव घेऊन विचारलंय की आम्ही कर भरायचा आणि यांनी बसून खायचं, हे कुठवर? शिवाय काकांच्या शेतावर मजूर मिळत नाहीत, हेही लिहिलंय. मी इंदूरचा. इथल्या एका हिंदी दैनिकात सिटी डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे रंगवण्याचं काम कसं चालतं ते जवळून पाहिलंय. आणि तुमच्या 'लाडकी बहीण'ची थोरली आमच्याकडचीच. मध्य प्रदेशात बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणाऱ्या 'लाडली बहना'चा पहिला हप्ता जून २०२३ मध्ये पडला, तुमची योजना त्यानंतर वर्षभराने आली.

आमच्याकडे महिन्याची रक्कम हजारावरून साडेबाराशे आणि आता दीड हजार झालीये. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. यात बसून खायचं तर काय खायचं?

आता डेस्कवरची गोष्ट. हप्त्याच्या दिवशी मुख्यमंत्री मंचावरून 'सिंगल क्लिक'ने पैसे टाकतात आणि संध्याकाळी फोटोंचा ढीग येतो. त्यातून नेहमी एकच प्रकार निवडला जातो: मोबाइलवर आलेला मेसेज कॅमेऱ्याला दाखवणारी हसरी बाई. काही महिन्यांनी 'मोफत योजनांचा तिजोरीवर बोजा' अशी बातमी आली की लायब्ररीतून तोच फोटो निघतो. पहिल्या वेळी ती लाडकी, दुसऱ्या वेळी फुकटी. सकाळी पाच घरची भांडी करताना तिचा फोटो कुणी काढलेलाच नसतो, कारण तिथे त्या दिवशी बातमी नसते. यात कुणाचा कट वगैरे नाही. रात्री दहाला पान सोडायचं असतं आणि हाताशी जे असेल ते लागतं.

'अपात्र' हा तर मथळ्यांचा लाडका माल. इतकी नावं वगळली, असा आकडा सरकारकडून येतो आणि मथळा होतो 'अपात्रांना दणका'. वगळलेल्यांत कोण असतं? साठी पूर्ण झालेल्या बायका, त्या नियमानेच बाहेर पडतात. वारलेल्या. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, नाव दोनदा चढलेल्या. आणि खोटं बोलून घुसलेलेही असतात, ते नाकारत नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये बहिणींच्या यादीत चौदा हजारांवर पुरुष निघाले, ते ठळक छापायलाच हवं होतं. पण बाईने साठी गाठली आणि बुवाने बाईचे पैसे लाटले, हे दोन्ही एकाच आकड्यात घालून मथळा देणं म्हणजे वाचकाला फसवणं. फोड बहुतेक वेळा सरकारी पत्रकात खाली असते. ती कापली जाते, जागा नसते म्हणून.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा अंगठा कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानातलं मशीन घेत नाही. भांडी घासून घासून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. पाच किलो धान्यासाठी दोन-तीन हेलपाटे, अर्ध्या दिवसाचं काम बुडतं. एखाद्या चक्करमध्ये रांगेत उभ्या असताना कुणी फोटो काढलाच, तर तो 'फुकट रेशनसाठी झुंबड' म्हणून छापून येईल.

नेत्यांचं सांगायचं तर पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये 'रेवडी'वर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीका केली. वर्षाच्या आत त्यांच्याच पक्षाच्या सरकारने इथे हजार रुपये सुरू केले, आणि काँग्रेसने लगेच दीड हजारांची बोली लावली. रेवडी नेहमी समोरच्याच्या हातात असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गवई परजीवींची जमात तयार होतेय का, अशा अर्थाचं बोलले. तो तोंडी शेरा होता, निकाल नव्हता, आणि सुनावणी होती शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याची. मथळ्यांत परजीवी तेवढे राहिले.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेत १९७६ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन सरकारी मदत लाटणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले: ऐंशी नावं, वर्षाला दीड लाख डॉलर. बाई खरी होती, लबाडीही खरी. खटला मात्र सुमारे आठ हजार डॉलरचा चालला. त्या एका बाईच्या तोंडाने पुढे अख्खी गरीब अमेरिका ओळखली गेली.

कराचं म्हणाल, तर मावशीही मोबाइल रिचार्जवर तुमच्याइतकाच १८ टक्के जीएसटी भरतात. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर कापला तेव्हा तिजोरीचे दीड लाख कोटींच्या आसपास जातील, असं सरकारनेच सांगितलं होतं. त्यासाठी कुणाला रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्यामुळे फोटोही नाही. निवडणुकीच्या तोंडावर कर्ज काढून पैसे वाटण्याला माझाही विरोध आहे. त्याचा जाब अर्थमंत्र्यांना विचारा.

राहिले काकांचे मजूर. २०११-१२ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आमच्याच इंदूर जिल्ह्यातल्या गावांत कुठलीही अट न घालता दरमहा रोख देऊन पाहिली. मोठ्यांना दोनशे, मुलांना शंभर, पुढे तीनशे आणि दीडशे. दारू वाढली नाही. काम कमी न होता उलट वाढलं, फक्त जागा बदलली: अनेकांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यात आणि शेळ्या-म्हशींत लक्ष घातलं. मोठ्या शेतकऱ्याच्या ओट्यावरून हा आळसच दिसणार. काका दिवसाची मजुरी किती देतात, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.