काच बदलण्याआधी भिंतीतली वीज मोज

पुणे ३०
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय,

पत्र मिळालं. सेकंडहँड पुश-पुल ॲम्प्लिफायर, म्हणजे व्हॉल्व्ह या काचेच्या नळ्या जोडीने काम करतात असा; स्पीकर चालवणारे चार ईएल ३४, पुढे आवाज वाढवणारे छोटे ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर जीझेड ३४. यंत्र चांगलं घेतलं आहेस. आता त्यात मलार्ड या ब्रिटिश कंपनीचे जुने चार व्हॉल्व्ह बसवायचा विचार आहे, असं लिहिलं आहेस. ते पैसे सध्या बँकेतच राहू देत. आधी थोडक्या पैशांची कामं उरकून घे.

पहिलं काम भिंतीतल्या प्लगचं. तिथला व्होल्टेज दोनदा मोज, संध्याकाळी आठला आणि रात्री बाराला. मध्यरात्री भार उतरला की बऱ्याच घरांत २४० च्या वर आकडा दिसतो. मग ॲम्पच्या मागची पट्टी वाच. तिथे २२० छापलं असेल आणि प्लगमध्ये २४० असेल, तर आतलं सगळं नऊ टक्के वर चढतं. व्हॉल्व्ह आतून तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ६.८७ वर जातो आणि व्हॉल्व्हला मिळणारा ४५० व्होल्टचा डीसी, म्हणजे हाय-टेन्शन, ४९० वर. कितीही महागडा व्हॉल्व्ह घातलास तरी तो या दाबाखाली लवकर म्हातारा होणार. ईएल ३४ चा हीटर पिन २ आणि ७ मध्ये मोज, व्हॉल्व्ह जागेवर आणि तापलेला असताना. ६.० ते ६.६ मध्ये असेल तर ठीक.

जास्त असेल तर स्टॅबिलायझर घ्यायला धावू नकोस. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला टक् वाजतो. १८ व्होल्ट, ३ अँपिअरचा साधा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे. त्याची प्रायमरी (वीज आत घेणारी बाजू) मेन्सवर जोड आणि सेकंडरी (१८ व्होल्ट देणारी बाजू) ॲम्पच्या फेजमध्ये उलट्या दिशेने सिरीजमध्ये. २४० चे २२२ होतात. सेकंडरीची दोन टोकं चुकून सुलटी लागली तर मात्र २५८ होतात. म्हणून पहिल्यांदा ॲम्पच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावून मोज. सगळं बंद डब्यात, फ्यूजसकट. इनव्हर्टरवर ॲम्प लावायचाच नाही. स्वस्त इनव्हर्टरची चौकोनी लहर ट्रान्सफॉर्मरला गुरगुरायला लावते.

झाकण उघडण्याआधी एक सांगतो, ते दोनदा वाच. ४५० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये दहा ज्यूल साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते आतच बसून राहतात. १० किलोओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला दोन्हीकडे इन्सुलेटेड क्लिपा लाव. प्लग काढ, एक क्लिप चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, आणि दुसरी कपॅसिटरच्या प्लसला लाव, आणि दहा आकडे मोज. मग मीटरने शून्य दिसतंय का बघ. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. चालू यंत्रात मोजताना पायात रबरी चप्पल, डावा हात खिशात.

आता बायस, म्हणजे गाणं नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणं. तुझा ॲम्प फिक्स्ड बायसचा आहे, कारण कॅथोडला (व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या टोकाला) १० ओहमचा रेझिस्टर आणि चार प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे रेझिस्टर) आहेत असं लिहिलं आहेस. ईएल ३४ चा प्लेट, म्हणजे ॲनोड, २५ वॅट सोसतो. त्याच्या सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा वॅट धर. ॲनोडला ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५० म्हणजे ३९ मिलीअँपिअर. १० ओहमवर ते ०.३९ व्होल्ट दिसतात. त्यात स्क्रीन या आतल्या जाळीचा चारपाच मिलीअँपिअर मिसळलेला असतो, म्हणजे प्लेटवर खरं तर थोडं कमीच पडतं. ती चूक सोयीच्या बाजूला आहे, तशीच राहू दे.

स्पीकर जोडलेला हवा, आवाज शून्यावर. अर्धा तास तापू दे. मग चारही प्रीसेट थोडे थोडे फिरव, कारण एक वाढवला की हाय-टेन्शन उतरतो आणि बाकीचे तिघे सरकतात. अर्ध्या तासाने पुन्हा सगळे मोज. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. जोडीतल्या दोघांत पाच मिलीअँपिअरहून जास्त फरक राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकीकडे झुकतो, खालचे सूर पातळ होतात आणि हाय-टेन्शनवरची लहर स्पीकरपर्यंत पोचते.

या लहरीची गंमत बघ. रेक्टिफायरनंतर ती १०० हर्ट्झची असते, म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या जरा वर. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर ही भुणभुण पंचमाजवळ पडते आणि तंबोऱ्यात बेमालूम लपते. काळी एकमध्ये गाणारा आला की तीच भुणभुण तीव्र मध्यमाजवळ येते आणि मग यमन नसतानाही तीव्र ऐकू येतो. म्हणून ॲम्प तपासताना काळी एकचं संथ आलाप असलेलं ध्वनिमुद्रण लाव. आवाज शून्यावर असतानाही १०० ची भुणभुण राहिली तर फिल्टर कपॅसिटर किंवा बिघडलेला बायस. भुणभुण ५० ची, म्हणजे एक सप्तक खाली असेल, तर हीटरची वायरिंग किंवा अर्थ-लूप (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थचं मिळून झालेलं कडं). इनपुटची केबल काढल्यावर थांबली तर लूपच.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीसपंचवीस वर्षांचे असतील तर वेळ न घालवता बदल. १०५ अंशांचे घे. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि पुण्याच्या मे महिन्यात चॅसिसच्या आत काय भट्टी असते ते हात लावून बघ. मात्र मोठा कपॅसिटर म्हणजे चांगला आवाज या भरात जीझेड ३४ नंतर लगेच २२० मायक्रोफॅरड घालू नकोस. त्या व्हॉल्व्हची मर्यादा ६० आहे. त्यापुढे प्रत्येक वेळी सुरू करताना त्याच्या कॅथोडला जो धक्का बसतो, त्याने एक दिवस आत ठिणगी पडते आणि फ्यूजबरोबर रेक्टिफायरही जातो. त्याच्या जागी ५यू४ बसतो असं कोणी सांगेल. बसतो खरा, पण त्याचा हीटर १.९ ऐवजी ३ अँपिअर ओढतो आणि तुझ्या ट्रान्सफॉर्मरचं ५ व्होल्टचं वाइंडिंग तेवढ्यासाठी बनवलेलं नसतं.

खरा आवाज सुधारतो तो कपलिंग कपॅसिटरने, म्हणजे एका टप्प्यातून पुढच्यात फक्त आवाज सोडून डीसी अडवणाऱ्याने. जुने कागदी असतील तर ते गळतात, म्हणजे मागच्या टप्प्याचा डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) झिरपतो. तपासायचं असं: बंद करून एका वेळी एकच ईएल ३४ काढ, पुन्हा सुरू कर आणि त्या सॉकेटच्या पिन ५ चा, म्हणजे ग्रिडचा, व्होल्टेज मोज. बायसच्या प्रीसेटवर उणे ३८ आणि पिनवर उणे ३७ असेल तर तो फरक मीटरचाच. उणे ३३ दिसले तर कपॅसिटर गेला. असा ॲम्प तासाभराने प्लेट लाल करतो. प्लेट लाल दिसली की विचार न करता स्विच बंद कर. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक असते, तिला घाबरायचं नाही. प्लेटांच्या मधोमध जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत वायू शिरलाय. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर तो व्हॉल्व्ह कचऱ्यात.

बदली म्हणून पॉलीप्रॉपिलीन, ६३० व्होल्ट, जेवढ्या मायक्रोफॅरडचा होता तेवढ्याचाच. ०.२२ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम मिळून ३.३ हर्ट्झपर्यंत जातात, तेवढं बास. १ मायक्रोफॅरड घातलास तर फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग परत आत देण्याचा) तोल जातो आणि वूफरचा कोन गाणं नसतानाही आत-बाहेर हलू लागतो. डाख देताना टिप सांध्यावर दोनतीन सेकंदच. डाख राखाडी, दाणेदार झाला तर पुन्हा कर.

ईएल ३४ च्या जागी केटी ८८ व्हॉल्व्ह लावण्याबद्दल विचारलं आहेस. हीटर १.५ ऐवजी १.६ अँपिअर, म्हणजे चौघांचा मिळून फक्त ०.४ जास्त. तेवढं चालतं, पण बायस नव्याने लावावा लागतो. हाय-टेन्शन आणि ट्रान्सफॉर्मर तेच राहिले तर वॅट वाढत नाहीत. ईसीसी ८३ च्या जागी ईसीसी ८२ लावायचा तर मोह टाळ. पिना जुळतात, आवाज किती पट वाढतो तो गुणक मात्र शंभराऐवजी सतरा-वीस. जरा कमी गेन हवा असेल तर ५७५१ घे, त्याचा सत्तर आहे.

आणि मलार्ड. घ्यायचेच असतील तर छपाईवर जाऊ नकोस. ती पुसली जाते आणि नव्यावरही छापता येते. काचेच्या खालच्या कडेला कोरलेली दोन ओळींची खूण बघ. वर एक्सएफ२ यासारखा कोड, खाली ब्लॅकबर्न कारखान्याचं बी अक्षर. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी रेडिओचे व्हॉल्व्ह मिळतात, पण टेस्टरवर बघितल्याशिवाय ते शोभेचेच समजायचे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर तरी चालव, नाहीतर सॉकेटच्या पिना काळ्या पडतात. काळ्या पडल्याच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटींचा छोटा ब्रश. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेव, स्विच पुरत नाही. ॲम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नकोस, वर वीतभर जागा मोकळी असू दे. मागच्या जाळीच्या फटी मोठ्या असतील तर बारीक जाळी बसव, थंडीत पाल उबेला आत जाते आणि हाय-टेन्शनच्या पट्टीवर भाजून निघते.

तपकीर गल्लीत सुटे भाग आणायला जाशील तेव्हा तो १० किलोओहमचा रेझिस्टर एक नको, दोन घे. एक हमखास हरवतो.

तुझा,
काका