पोट दुखतं, पण रिपोर्ट नॉर्मल

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. दिवाळीपासून सारखी चिडचिड करतो. शाळेत निघायची वेळ झाली की पोट दुखतं म्हणतो. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, सोनोग्राफीही नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात, ‘नाटकं आहेत, दोन फटके द्या.’ एवढ्याशा मुलाला डिप्रेशन येतं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : येतं, आणि फटक्यांनी वाढतं. या वयात उदासी रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसते, म्हणून घरच्यांना तो हट्ट वाटतो. रिपोर्ट नॉर्मल असला तरी पोट खरंच दुखत असतं.

रविवारी काय होतं, ते तुम्ही कळवलेलं नाही. सुट्टीला पोट दुखत नसेल, मित्र आले की तो पळत सुटत असेल, तर आधी शाळेत शोधा : कुणी छळतंय का, एखादा विषय, एखादे सर, शाळेची रिक्षा. पण रविवारीही बॅट कोपऱ्यातच पडून असेल, आवडीचं जेवण ताटात राहत असेल, ‘मला काहीच येत नाही’ असं तो म्हणत असेल आणि दोन आठवडे जवळजवळ रोज हेच चाललं असेल, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. वाढत्या मुलाचं वजन घटलं नाही, नुसतं वाढायचं थांबलं, तरी तेही लक्षण धरतात. झोप, जेवण, खेळ आणि पोटदुखीची वेळ वहीत टिपत जा. डॉक्टरांना तीच जास्त उपयोगी पडते.

‘काय झालंय तुला?’ असं विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर मिळणार. शेंगा सोलताना, गाडीवरून जाताना, दिसलं तेवढंच बोला : ‘हल्ली खेळायला जात नाहीस. रात्रीही जागा असतोस. काही त्रास होतोय का?’ मग गप्प बसा. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो’ हे तर नकोच. असं मूल आधीच स्वतःला दोष देत असतं.

एक प्रश्न मात्र टाळू नका : ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तसं नसलं तरी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. ते बहुधा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतील, कारण त्यातल्या बिघाडानंही मूल असंच मरगळतं. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनावर भागतं. जास्त असेल तर सोबत फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढूही शकतात, तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा आणि लगेच कळवा. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद केली की आजार उलटतो.

शाळा पूर्ण सोडवू नका. जितके दिवस घरी, तितकं परतणं कठीण. वर्गशिक्षकांना सांगून रोज दोन तासांपासून सुरुवात करा. आणि पहिल्या भेटीला सासूबाईंनाही न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात लवकर पटतं.