नडगीत रॉड टाकलाय, पाय कधी टेकवायचा?

चोपड्याजवळच्या तुमच्या मेहुण्यांची नडगी केळीच्या ट्रॉलीवरून पडून मधोमध मोडली. रॉड टाकून तीन दिवस झाले. डॉक्टर वॉकरवर उभं करा म्हणतात, घरचे म्हणतात तीन महिने खाट सोडायची नाही. भाऊ, डॉक्टरांचं ऐका.

प्लेट हाडाच्या बाजूला बसते, रॉड नळीच्या आत मधोमध, म्हणून रॉड आणि हाड भार वाटून घेतात. गुडघ्याच्या वाटीखालून छिद्र पाडून घोट्यापर्यंत तार सोडतात, तिच्यावरून रीमर (आतून कोरणारं अवजार) फिरवून नळी रॉडपेक्षा एक-दीड मिमी रुंद करतात, मग साधारण 8 ते 11 मिमी जाडीचा रॉड बसवतात. वर-खाली आडवे स्क्रू टाकतात, त्यामुळे पाय आखूड होत नाही, फिरतही नाही.

आता किती भार द्यायचा? एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांना विचारा, मोड आडवी आहे की चुरा झालाय? आडवी असेल तर तुकडे एकमेकांवर टेकतात आणि सोसेल तितकं वजन लवकर देता येतं. चुरा असेल तर सगळा भार स्क्रूंवर येतो, घाई केली की ते तुटतात. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे पाय नुसता टेकवायला सांगतात.

सध्या मात्र खरं लक्ष पोटरीकडे हवं. ती दगडासारखी कडक झाली, इंजेक्शन देऊनही कळ वाढतच गेली, पायाची बोटं हलकेच वर ओढली तरी माणूस ओरडला, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. आत दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात. पायाची नाडी लागतेय म्हणून निश्चिंत राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. आणि हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेणं, घट्ट पट्टा बांधणं अजिबात नको.

विडी-सिगारेट आजपासून बंद. तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. तंबाखूही सोडलेली बरी. एरवी जुळायला चार-सहा महिने लागतात. तोवर एक्स-रेत नवं हाड धरताना दिसलं नाही, तर डॉक्टर एका बाजूचे स्क्रू काढतात, म्हणजे चालताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. तेवढ्यानेही भागलं नाही तर जुना रॉड काढून त्याहून जाड रॉड टाकतात.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं बऱ्याच जणांना राहतं, गुडघे टेकून निंदणी करताना जास्त. त्यासाठी रॉड काढायचा झाल्यास हाड पक्कं जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी. त्रास नसेल तर तो आत राहिला तरी चालतो.